शाळकरी मुलींसाठी सीबीटीचा गट: वर्गशिक्षिकेने त्यात बसावे का?

अबोली (धागाकर्ती)

नमस्कार. मी डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला मराठी आणि इतिहास शिकवते. गेल्या दोन वर्षांत माझ्या वर्गातील काही मुलींमध्ये पडलेला फरक मला अस्वस्थ करतो आहे. वही उघडलेली असते, पण पान उलटले जात नाही. मधल्या सुट्टीत बाकावर डोके टेकून बसून राहणाऱ्या मुली वाढल्या आहेत. आठवीत असताना फुगडीच्या पथकात सर्वांत पुढे असणाऱ्या एका मुलीने या वर्षी चवथीआधीच्या सरावाला येणेच सोडले. मी कारण विचारले, तेव्हा "बाई, कितेंच करूंक दिसना" (काहीच करावेसे वाटत नाही) एवढेच म्हणाली आणि खाली पाहत राहिली.

आमच्याकडे आठवड्यातून दोन दिवस समुपदेशक ताई येतात. त्यांनी पालकांच्या परवानगीने काही मुलींकडून पीएचक्यू-९ ही नैराश्याच्या लक्षणांची प्रश्नावली भरून घेतली, प्रत्येकीशी स्वतंत्रपणे बोलल्या, आणि ज्यांना सौम्य ते मध्यम नैराश्य असावे असे त्यांना वाटते अशा आठ मुलींचा गट करून दहा आठवडे बोधात्मक वर्तनोपचार, म्हणजे ज्याला सगळे सीबीटी म्हणतात तो, देण्याचा प्रस्ताव मांडला. मुख्याध्यापकांनी होकार दिला, मात्र वर्गशिक्षिका म्हणून मी प्रत्येक सत्राला हजर राहायचे, ही अट घालून. ताईंना ती अट मान्य नाही. मला दोघांचेही म्हणणे थोडे थोडे पटते, म्हणून येथे विचारते आहे. असा उपचार गटात खरोखर होतो का? मी त्यात बसावे का? आणि 'नैराश्य' हा शब्द पालकांपुढे उच्चारायचा तरी कसा?

घुमट

आमच्या वेळी समुपदेशन म्हणजे मुख्याध्यापकांच्या कपाटावरची वेताची छडी होती, आणि तिचे एकच सत्र पुरत असे.

थट्टा बाजूला ठेवतो, पण एक प्रामाणिक शंका आहे. पंधराव्या वर्षी कोण उदास नसते? परीक्षेत गुण कमी पडले, मैत्रिणीने अबोला धरला (धागाकर्तीने नावावरून गैरसमज करून घेऊ नये), घरी कुणी बोलले, की चार दिवस मन खट्टू होणारच. त्या सगळ्याला आजाराचे नाव दिले, तर उद्या रुसव्यावरही औषध निघेल.

कसाय

घुमट, शंका रास्त आहे आणि डॉक्टर म्हणून ती मला रोज ऐकावी लागते. चार दिवसांचा रुसवा आणि नैराश्य यांतील पहिला फरक काळाचा आहे. किमान दोन आठवडे, जवळजवळ रोज आणि दिवसातील बहुतेक वेळ मन खिन्न असणे, किंवा पूर्वी ज्यात जीव रमत असे त्यात रस न उरणे, यांपैकी एक तरी लक्षण असावे लागते. त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता, स्वतःला दोष देणे, मरणाचे विचार अशी इतर लक्षणे पाहिली जातात. दुसरा फरक रोजच्या जगण्यात पडलेल्या अडथळ्याचा. अबोलीताईंच्या विद्यार्थिनीचे फुगडी सोडणे मला म्हणूनच अधिक बोलके वाटते. या वयात आणखी एक गोष्ट फसवते: खिन्नतेच्या जागी चिडचिड दिसते, आणि घरचे म्हणतात की मुलगी उर्मट झाली.

मात्र गटात बसवण्यापूर्वी एक साधे काम करून घ्यावे. देशभरातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता. रक्तक्षय असलेली मुलगीही थकलेली, निरुत्साही आणि अभ्यासात मागे पडलेली दिसते. थायरॉइडचेही तसेच. हिमोग्लोबिन ७ असलेल्या मुलीला विचारांची नोंदवही देणे म्हणजे तेल नसलेल्या पणतीची वात सारखी करत बसण्यासारखे आहे. पीएचक्यू-९ हे चाळणीचे साधन आहे. त्यात नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण आणि एकूण २७ असतात. १० किंवा अधिक गुण आले, तर नीट तपासणी करावी, एवढेच त्यातून कळते. निदान होत नाही. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याचे उत्तर शून्य नसेल, तर बाकीची बेरीज कितीही कमी असो, त्या मुलीशी त्याच दिवशी एकांतात बोलले गेले पाहिजे.

खाजन

मी मानसशास्त्रज्ञ आहे आणि असे काही गट चालवले आहेत, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडे विस्ताराने लिहितो.

१९६०च्या दशकात फिलाडेल्फियात ॲरन बेक यांच्या लक्षात आले की नैराश्याच्या रुग्णांच्या मनात स्वतःबद्दल, जगाबद्दल आणि पुढच्या दिवसांबद्दल काही विचार आपोआप उमटत राहतात, आणि रुग्ण ते तपासून न पाहता खरे धरून चालतो. साधारण त्याच सुमारास अल्बर्ट एलिस यांनी मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकांना कि. मो. फडके यांच्यामुळे परिचित आहे. दोन्ही प्रवाह एकाच कुळातले. किशोरवयीन मुलांसाठी गटाचा आराखडा अमेरिकेतील ऑरेगॉन येथे पीटर लुइन्सन, ग्रेगरी क्लार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केला. १९९०मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यासक्रम आठ आठवड्यांत दोन-दोन तासांच्या सोळा सत्रांचा होता. त्यांनी त्याला मुद्दाम 'वर्ग' म्हटले, कारण मुलांना रुग्ण म्हणून बसण्यापेक्षा शिकायला बसणे सोपे जाते.

प्रत्यक्षात काय घडते, ते सांगतो. पहिल्या एक-दोन बैठकांत नियम ठरतात आणि भावनांना शब्द दिले जातात. येथे आपल्याकडे भाषेची गंमत होते. 'तुला उदास वाटते का' असे मराठीत विचारले, की मुली 'नाही' म्हणतात. कोकणीत विचारले, तर 'बेजार जालां', 'मन लागना', 'तकली फडफडटा' असे बरेच काही बाहेर येते. त्यामुळे पुस्तकी शब्द बाजूला ठेवून मुलींचेच शब्द फळ्यावर लिहावेत. त्यानंतर लगेच विचारांकडे वळू नये, आधी दिनक्रमाकडे वळावे. उदास माणूस हालचाल कमी करतो, हालचाल कमी झाल्याने आनंद देणारे प्रसंग घटतात, ते घटल्याने उदासी वाढते. हे चक्र कृतीच्या बाजूने तोडणे बहुधा सोपे असते. 'बरे वाटले की फुगडीला जाईन' याऐवजी 'बुधवारी फक्त दहा मिनिटे जाऊन उभी राहीन' असे ठरवायचे, आणि जाण्याआधी व नंतर मनाला दहापैकी किती गुण द्याल ते लिहायचे.

चौथ्या-पाचव्या बैठकीपासून विचारांची नोंद येते: काय घडले, मनात काय आले, कसे वाटले, त्या विचाराच्या बाजूने पुरावा काय आणि विरुद्ध काय. पुढे अडचण सोडवण्याच्या पायऱ्या, नकार द्यायला शिकणे, आणि शेवटी पुन्हा घसरण होऊ लागली तर ती कशी ओळखायची, याची तयारी.

गटाचा खरा फायदा असा की स्वतःचा विचार तपासणे कठीण असते, पण दुसरीचा विचार किती टोकाचा आहे हे पंधरा वर्षांच्या मुलीला क्षणात दिसते. 'माझ्या हातून काहीच नीट होत नाही' असे एकीने म्हटले की दुसरी म्हणते, 'गेल्या आठवड्यात माझी भूमिती तूच तर सोडवून दिलीस.' तेच वाक्य मी म्हटले असते, तर ती 'सर म्हणणारच' असे मनात म्हणून गप्प बसली असती.

सुरंगी

मी दोन मुलींची आई आहे, आणि खाजन यांचे लिहिणे वाचून छान वाटले तरी माझी भीती जात नाही. आठ उदास मुली एका खोलीत बसवल्या, तर त्या एकमेकींना वर काढतील की खाली ओढतील? माझी मोठी मुलगी आणि तिची मैत्रीण रात्री अकरापर्यंत फोनवर एकमेकींची दुःखे ऐकतात, आणि फोन ठेवल्यावर दोघींचे चेहरे आधीपेक्षा उतरलेले असतात.

दुसरे म्हणजे, आपली गावे लहान आहेत. खोलीत सांगितलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलवरून अख्ख्या वाड्यावर पोहोचते.

खाजन

सुरंगीताई, तुम्ही घरात जे पाहिलेत, त्याला संशोधनात नाव आहे. मुलगे आणि मुली यांच्यातील नैराश्याचे प्रमाण बालपणी साधारण सारखे असते. बाराव्या-तेराव्या वर्षापासून ते मुलींमध्ये वाढत जाऊन जवळपास दुप्पट होते. सुझन नोलेन-होक्सेमा यांनी या फरकाचे एक कारण म्हणून मनातल्या मनात तीच गोष्ट घोळवत राहण्याच्या सवयीकडे लक्ष वेधले. आपल्याकडे तिला रवंथ म्हणता येईल. पुढे २००२मध्ये अमांडा रोझ यांनी दाखवले की मैत्रिणी मिळूनही असे रवंथ करतात, आणि त्याने मैत्री घट्ट होते पण मनही खचते.

म्हणूनच सीबीटीचा गट हा दुःख सांगण्याचा कट्टा नसतो. प्रत्येक बैठकीला ठरलेला विषय असतो, मागच्या आठवड्यात ठरवलेली कृती झाली का हे विचारले जाते, आणि कुणी एकच प्रसंग तिसऱ्यांदा सांगू लागली, तर 'आता यावर या आठवड्यात काय करून पाहायचे?' असे विचारून गाडी पुढे न्यावी लागते. हे ज्याला जमत नाही, त्याच्या गटात तुमची भीती खरी ठरू शकते.

घुमट

म्हणजे म्हशी गोठ्यात रवंथ करतात आणि मुली व्हॉट्सॲपवर. म्हशी निदान त्यानंतर दूध देतात.

तिसवाडीकर

आकडे मांडणे हा माझा जुना रोग आहे, तेव्हा क्षमा असावी. सीबीटी म्हणजे रामबाण, असे चित्र या धाग्यावर उभे राहू नये.

अमेरिकेत २००४मध्ये प्रसिद्ध झालेल्या टॅड्स या चाचणीत मध्यम ते तीव्र नैराश्य असलेली ४३९ किशोरवयीन मुले होती. बारा आठवड्यांनंतर औषध आणि सीबीटी दोन्ही मिळालेल्यांपैकी ७१ टक्के सुधारले, केवळ औषध (फ्लुओक्झेटिन) घेणाऱ्यांपैकी ६१ टक्के, केवळ सीबीटी घेणाऱ्यांपैकी ४३ टक्के, आणि पोकळ (औषध नसलेली) गोळी घेणाऱ्यांपैकी ३५ टक्के. शेवटच्या दोन आकड्यांतील फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. छत्तीस आठवड्यांपर्यंत मात्र केवळ सीबीटी घेणारी मुले केवळ औषध घेणाऱ्यांच्या बरोबरीला आली. ही सीबीटी एकेकट्याला दिलेली होती, गटात नव्हे.

दुसरी गोष्ट. ब्रिटनमधील मिरियाड या प्रयोगात आठ हजारांहून अधिक शाळकरी मुलांवर सजगतेच्या (माइंडफुलनेसच्या) तासांचा परिणाम पाहिला. २०२२मध्ये निष्कर्ष आले, तेव्हा शाळांत नेहमी चालणाऱ्या शिक्षणापेक्षा ते तास सरस ठरले नाहीत. ती सीबीटी नव्हती हे मान्य, पण सरसकट सगळ्या वर्गाला मनाचे धडे देणे आणि त्रास असलेल्या निवडक मुलींचा गट घेणे यांत गल्लत होऊ नये, एवढ्यासाठी सांगितले. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या नाइस संस्थेची २०१९ची तत्त्वे बारा ते अठरा वर्षांच्या मुलांच्या सौम्य नैराश्यासाठी गटातील सीबीटी सुचवतात. मध्यम ते तीव्र नैराश्यासाठी व्यक्तिगत उपचार पुढे येतात. अबोलीताईंच्या गटात 'सौम्य ते मध्यम' मुली आहेत. त्यातील 'मध्यम'कडे कोण आणि कसे पाहणार आहे, हे आधी विचारून घ्यावे.

कुळागर

मी महिलांच्या बचत गटांबरोबर अनेक वर्षे काम करते, आणि या चर्चेत एक गोष्ट मला खटकते. माझ्या ओळखीची एक मुलगी दीड वाजता शाळेतून येते, स्वयंपाक करते, धाकट्या भावाला भरवते, भांडी घासते. भाऊ मैदानावर जातो, आणि संध्याकाळी वडील पिऊन आले की तिच्या वह्या भिरकावल्या जातात. या मुलीला 'तुझा विचार टोकाचा आहे, पुरावा तपास' असे सांगणे म्हणजे तिच्या दुःखाची जबाबदारी तिच्याच डोक्यावर ठेवणे नव्हे काय? पुरावा तिच्या पाठीवर आहे.

मुलींना सहन करायला शिकवणाऱ्या गोष्टी आपल्या समाजात मुळात कमी नाहीत. त्यात आणखी एकीची भर, तीही शास्त्राच्या नावाने, पडू नये.

उत्तर युगांडातील निर्वासित छावण्यांत चौदा ते सतरा वर्षांच्या मुलांवर झालेला एक प्रयोग २००७मध्ये प्रसिद्ध झाला होता. तेथे गटात जो उपचार दिला तो सीबीटी नव्हता, परस्परसंबंधांवर काम करणारा होता: ताटातूट, भांडणे, बदललेल्या भूमिका. मुलींचे नैराश्य त्याने स्पष्टपणे कमी झाले, मुलग्यांचे तितके झाले नाही. मुलींच्या दुःखाचे धागे नात्यांत गुंतलेले असतील, तर सुरुवात विचारांपासूनच का करायची?

खाजन

कुळागरताई, तुमचा आक्षेप मी बराचसा मान्य करतो, आणि तो अनेक प्रशिक्षणांत मांडलाच जात नाही याची मला खंत आहे. एक मात्र स्पष्ट करतो. विचार तपासणे आणि विचार गोड करून घेणे या वेगळ्या गोष्टी आहेत. तपासल्यावर विचार खरा निघाला, तर तो दुरुस्त करायचा नसतो, परिस्थितीवर काम करायचे असते. 'बाबा पिऊन आले की मला मारतात' हा विचार नाही, ती घटना आहे. तेथे नोंदवही बंद करून मुलीच्या सुरक्षिततेचे पाहावे लागते. पण त्याच मुलीच्या मनात 'मी चांगली असते, तर बाबा प्याले नसते' असेही येत असते. ते तिने न तपासता आयुष्यभर वागवावे, असे तुम्हीही म्हणणार नाही.

परस्परसंबंधांवरील गटाबद्दल तुम्ही म्हणता ते योग्य आहे. चांगला गटप्रमुख दोन्हींतले घेतो. शुद्ध सोवळ्यातली सीबीटी मी कुठेच पाहिलेली नाही.

कुळागर

हे पटले, पण अर्धेच. परिस्थितीवर काम करायचे म्हणता, ते दहा आठवड्यांच्या गटात होत नाही. निदान गटप्रमुखाने तसे मुलींना प्रामाणिकपणे सांगावे.

केवडा

बरेच दिवस केवळ वाचक होते, आज लिहिते. अकरावीत असताना मी अशाच एका गटात होते. सत्तरीतील आमच्या गावातून उच्च माध्यमिकला रोज कदंबच्या बसने जात असे. आम्ही सात जणी होतो.

मला आठवते ती एकच नोंद, आणि आज हसू येईल इतकी ती लहान आहे. एके सकाळी माझ्या मैत्रिणीने बसमध्ये माझ्यासाठी जागा धरली नाही. ती दुसरीबरोबर बसली होती. मी तासभर खांबाला धरून उभी राहिले, आणि उतरेपर्यंत मनात ठरून गेले होते की मी कुणालाच नको आहे, आणि नसले तरी कुणाला फरक पडणार नाही. जागेपासून तिथवर मी किती लवकर पोहोचले, हे कागदावर लिहीपर्यंत मला कळलेच नव्हते. गटातील एका मुलीने विचारले, 'तू कधी तिच्यासाठी जागा धरायला विसरलीस का?' विसरले होते, दोनदा. तेव्हा ती मला नको झाली होती का? नव्हती. एवढेच. कुणी मला सकारात्मक विचार कर, असे म्हटले नाही.

बिघडले तेही सांगते. गटात एकीने सांगितलेली घरची गोष्ट दोनच दिवसांत शिकवणीच्या वर्गात पोहोचली. पुढच्या बैठकीत मॅडमनी ठरलेला विषय बाजूला ठेवला आणि पूर्ण वेळ त्यावरच बोलल्या. कुणी सांगितले हे त्यांनी शोधले नाही; विश्वास तुटल्यावर प्रत्येकीला काय वाटते, एवढेच विचारले. सांगणारी आपणहून रडली. तरीही जिची गोष्ट फुटली होती, ती पुन्हा कधी आली नाही, आणि त्याचे मला आजही वाईट वाटते. म्हणून सुरंगीताईंना मी 'काही होणार नाही' असे म्हणणार नाही.

आणखी एक. मला दिलेली नोंदवही आईने वाचली. तिने रागावण्याऐवजी दोन दिवस माझ्याशी बोलणेच सोडले, ते अधिक जड गेले. त्यानंतर मॅडमनी सगळ्यांना वहीऐवजी सुट्या चिठ्ठ्या दिल्या. बैठकीत वाचायच्या आणि फाडून टाकायच्या. अबोलीताई, वही देऊ नका.

अबोली (धागाकर्ती)

केवडा, वहीचे माझ्या मुळीच ध्यानात आले नव्हते. ताईंना आजच सांगते.

घुमट

केवडाचे वाचून माझी छडीची थट्टा मलाच बोचली. ती मागे घेतो.

थोडे विषयांतर करू द्या, पण ते गोव्याचेच आहे. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारियाचा पुतळा आहे, रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला, १९४५मध्ये बसवलेला. कांदोळीत १७५६ साली जन्मलेला हा पाद्री संमोहनशास्त्राच्या आद्य अभ्यासकांपैकी एक होता. आख्यायिका अशी की लिस्बनला राणीपुढे प्रवचनाला उभा राहिला, समोरचे बडे लोक पाहून त्याची वाचा बसली, आणि खाली बसलेल्या वडिलांनी हळूच कोकणीत म्हटले, 'ही सगळी भाजी, कातर रे भाजी.' मग काय, प्रवचन धो धो वाहिले. हीसुद्धा सीबीटीच की!

खाजन

सुंदर आठवण, पण पूर्ण सीबीटी नव्हे. वडिलांनी सोयीची कल्पना दिली. आम्ही विचारले असते, 'या श्रोत्यांनी आजवर किती पाद्री खाल्ले?' आणि तेवढ्यात राणी कंटाळून उठून गेली असती.

पाटीपेन्सिल

मी निवृत्त शिक्षक आहे. चर्चा रंगली आहे, पण अबोलीताईंचा दुसरा प्रश्न बाजूला पडला, म्हणून त्याकडे वळतो. वर्गशिक्षिकेने बसावे का? माझे उत्तर, अनुभवावरून, नाही असे आहे.

काही वर्षांपूर्वी अशाच एका अटीपायी मी मुलांच्या गटात कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलो होतो. एक शब्द बोलायचा नाही, असे ठरले होते आणि मी ते पाळले. तिसऱ्या बैठकीत एका मुलाने सांगायला सुरुवात केली की त्याला पहाटे तीनला जाग येते आणि मग झोप लागत नाही. का, असे विचारल्यावर त्याने एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, 'डास असतात, सर.' मी गणित शिकवत असे आणि त्या आठवड्यात चाचणीचे पेपर वाटायचे होते. त्याला डास चावत नव्हते, हे खोलीतील सर्वांना कळले. शिक्षक कितीही प्रेमळ असला, तरी गुण त्याच्या हातात असतात, दाखला त्याच्या हातात असतो, आणि पालक-सभेत आईवडिलांसमोर तोच बसतो.

बिहारमधील नालंदा जिल्ह्यात सेहर नावाचा मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१८च्या 'लॅन्सेट'मध्ये आले. एकच कार्यक्रम काही शाळांत खास नेमलेल्या, पण मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांनी राबवला, काहींत शिक्षकांनी. समुपदेशकांच्या शाळांत वातावरण सुधारले, नैराश्याची लक्षणे आणि दादागिरी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत तसा परिणाम दिसला नाही. तो संपूर्ण शाळेसाठीचा कार्यक्रम होता, सीबीटीचा गट नव्हता, हे तिसवाडीकरांनी टोकण्याआधीच सांगून टाकतो.

तिसवाडीकर

टोकत नाही, भर घालतो. पदवी नसलेल्या पण नीट प्रशिक्षण आणि देखरेख मिळालेल्या माणसांनी हे काम करावे, हा विचार गोव्यातच मोठ्या प्रमाणावर तपासला गेला. येथे १९९६मध्ये सुरू झालेल्या संगाथ या संस्थेच्या पुढाकाराने दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रौढांच्या तीव्र नैराश्यासाठी सहा ते आठ सत्रांचा, कृतीवर भर देणारा उपचार स्थानिक समुपदेशकांनी दिला, आणि तो नेहमीच्या उपचारापेक्षा उपयुक्त ठरला. पुढे शाळकरी मुलांना अडचण सोडवण्याच्या पायऱ्या शिकवणारा मोबाइलवरचा खेळही गोव्यातील शाळांत वापरून पाहण्यात आला. देखरेख मात्र दोन्हीकडे कसोशीची होती. अबोलीताईंच्या समुपदेशक ताईंना अडल्यावर विचारायला वरिष्ठ कोण आहे, हे मुख्याध्यापकांनी विचारायला हवे होते. त्यांनी वर्गशिक्षिकेची खुर्ची मागितली.

सुरंगी

पण मुख्याध्यापकांचीही बाजू असेल. उद्या एखाद्या मुलीने काही करून घेतले, तर पालक त्यांच्याच दारात येणार.

कसाय

सुरंगीताईंचा मुद्दा खरा आहे, आणि त्याचे उत्तर लेखी कार्यपद्धतीत आहे. कोणती गोष्ट गटाबाहेर जाईल, हे पहिल्याच दिवशी मुलींना स्पष्ट शब्दांत सांगावे: जिवाला धोका असेल तर, आणि अत्याचार होत असेल तर. अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक अत्याचार कळल्यावर तो पोलिसांना कळवणे २०१२च्या पॉक्सो कायद्याने बंधनकारक आहे. 'तिने मला विश्वासाने सांगितले होते' ही सबब चालत नाही. मुलीने सांगून टाकल्यावर हा नियम तिला कळणे ही दुसरी इजा आहे, म्हणून तो आधी सांगायचा.

मरणाचे विचार असलेल्या मुलीला केवळ गटावर सोडू नये. तिला व्यक्तिगत मदत हवी आणि गरजेनुसार बांबोळीच्या मनोविकार व मानव वर्तन संस्थेकडे पाठवावे. आत्महत्येच्या पद्धतींची चर्चा गटात होऊ देऊ नये. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो. तो आणि मुलांसाठीचा १०९८ प्रत्येक चिठ्ठीच्या मागे छापून घ्या. पालकांनाही द्या, कारण कित्येकदा तिसऱ्या आठवड्यात आईच फोन करते, स्वतःसाठी.

पालकांशी बोलताना नैराश्य शब्द लपवू नये, पण त्यापासून सुरुवातही करू नये. 'तुमची मुलगी हल्ली जेवते कशी, झोपते कशी?' असे विचारले, की बहुतेक आया स्वतःच सांगू लागतात. शब्द त्यानंतर आला, तर तो आरोपासारखा लागत नाही. आईवडिलांची संमती घ्याच, पण मुलीलाही स्वतंत्रपणे विचारा आणि तिचे 'नको' ऐका.

कुळागर

आणि वडिलांनाही बोलवा. 'आईच पाहील' असे म्हणून ते सुटतात.

अबोली (धागाकर्ती)

सर्वांचे आभार. मधल्या काळात दोन गोष्टी झाल्या.

पाटीपेन्सिल सरांच्या डासांची गोष्ट मी मुख्याध्यापकांना सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की त्यांना माझी हजेरी नको आहे, जबाबदारी कुणाची ते कागदावर हवे आहे. तसा कागद ताईंनी कसायांच्या सूचनांप्रमाणे तयार केला: गटाबाहेर काय जाईल, कुणाला कळवायचे, मध्यम लक्षणे असलेल्या मुलींना ताई दुसऱ्या दिवशी स्वतंत्रपणे भेटतील, आणि ताईंवर देखरेख कोण ठेवील. शेवटची ओळ अजून कोरी आहे. ताईंच्या ओळखीतील एका वरिष्ठ मानसशास्त्रज्ञांना विचारले आहे. ती ओळ भरल्याशिवाय गट सुरू होणार नाही. रक्ततपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्राशी बोलणे झाले आहे. मी गटात बसणार नाही.

फुगडी सोडलेल्या मुलीचे कारण मला अजून ठाऊक नाही, आणि आता मी ते विचारणारही नाही. सांगायचे असेल, तर ती ताईंना सांगेल. हे मान्य करणे मला वाटले होते त्यापेक्षा जड गेले. दोन वर्षे तिची वर्गशिक्षिका आहे मी.

राहिला प्रश्न वेळेचा. शाळा दीडला सुटते, आणि मये-शिरगावकडच्या मुलींची बस त्यानंतर लगेच असते. ती चुकली, तर पुढच्या बसपर्यंत मुली उपाशी थांबणार.

केवडा

शाळा सुटल्यावर मुळीच ठेवू नका. घरी उशीर का झाला याचे उत्तर रोज द्यावे लागले की पहिल्या महिन्यातच निम्म्या मुली गळतात.

पाटीपेन्सिल

आठवड्यातून एक ग्रंथालयाचा तास असतो. वेगवेगळ्या तुकड्यांचा तो एकत्र आणणे मुख्याध्यापकांच्या हातात आहे. मात्र खेळाचा तास घेऊ नका. उदास मुलींचे खेळणे काढून त्यांना आनंद देणाऱ्या कृतींची यादी करायला लावणे बरे दिसणार नाही.

घुमट

फलकावर काय लिहिणार? 'नैराश्य गट, ग्रंथालय, गुरुवार' असे लिहिलेत, तर आठाऐवजी अख्खी शाळा खिडकीत उभी राहील.

अबोली (धागाकर्ती)

फलकावर 'गुरुवारचा तास' एवढेच असेल. नाव मुलींनी पहिल्या बैठकीत ठरवायचे आहे. ग्रंथालयाच्या तासाला मुख्याध्यापक तयार आहेत. ग्रंथपाल बाई तयार नाहीत, कारण त्यांच्या मते त्या खोलीत बोलण्यास सक्त मनाई आहे आणि तशी पाटी त्यांनी स्वतः रंगवली आहे. उद्या त्यांच्याशी बोलते.